पुण्यात वेटिंगवर नाव, कोल्हापुरात फी भरायला तीन दिवस: आता काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही गैरसमजूत झाली असेल तर लगेच कळेल. मुलीला बारावी सायन्सला चांगले मार्क आहेत आणि तिला बीएस्सी स्टॅटिस्टिक्स करायचंय. पुण्यातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात ती वेटिंगला १४ वी आहे, दुसऱ्यात ५२ वी. कोल्हापुरात अनुदानित कॉलेजात पहिल्याच यादीत नाव लागलंय, फी भरायला तीन दिवस उरलेत. एक खाजगी विद्यापीठ 'जागा राखून ठेवायला' पंचवीस हजार मागतंय. मिस्टरांचं म्हणणं, एक वर्ष थांबू. आणि यादी लागल्यापासून मुलगी खोलीतून बाहेर येत नाही. तुम्ही विचारलंय: १४ नंबर लागेल का?

हा नंबर लागेल की नाही हे नक्की कळलं असतं तरी तुमची अडचण सुटली नसती, असं मला वाटतं. कारण घरात तीन वेगळे प्रश्न एकत्र गुंतलेत. हातात आलेली जागा घ्यायची का? पुण्यातली जागा मिळालीच तर ती खरंच हवी आहे का? आणि वाट बघायची तर कुठवर? पहिल्याचं उत्तर आजच देता येतं. दुसऱ्याचं तुम्ही तिघांनी बसून ठरवायचं. वेटिंगच्या नंबराचा संबंध फक्त तिसऱ्याशी आहे. मी बरीच वर्षं कोल्हापुरात कॉलेजात गणित शिकवलं आणि प्रवेश समितीत काम केलं, त्यामुळे यादी टेबलाच्या पलीकडून कशी दिसते ते मला माहीत आहे. त्यावरूनच लिहिते.

पहिलं काम, उद्या सकाळी कोल्हापूरची फी भरा. यात 'पण' नको. पैसे अडकतील ही भीती असते म्हणून नियम सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत द्यावी लागते. त्यातून प्रक्रिया शुल्क कापलं तर ते फीच्या ५ टक्के, आणि कितीही झालं तरी ५००० रुपयांच्या आत. त्यानंतर रद्द केलं तर टप्प्याटप्प्यानं ९०, ८० आणि ५० टक्के परत मिळतात. शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच नाही. पुढे काही वर्षांसाठी आयोगानं याहून सवलतीच्या तारखा दिल्या. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १००० रुपये कापायची मुभा. यंदाचं परिपत्रक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि जवळ ठेवा. अनुदानित कॉलेजची फी मुळातच कमी असते. ती वाचवायला हातातली जागा सोडणं मला कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आता वेटिंग लिस्ट कशी तयार होते ते सांगते, कारण मुलीला हे कळणं गरजेचं आहे. समितीसमोर मुलं नसतात. समोर एक तक्ता असतो: अर्ज क्रमांक, टक्के, प्रवर्ग, आणि बरोबरी झाली तर ती सोडवायचे ठरलेले निकष. तुकडीच्या जागा भरल्या की तिथे एक आडवी रेघ येते आणि रेघेखालची नावं वेटिंगला जातात. रेघेच्या वरची शेवटची मुलगी आणि खालची पहिली मुलगी यांच्यात पुष्कळदा दशांश चिन्हानंतरच्या आकड्याएवढाच फरक असतो. तुमच्या मुलीला स्टॅटिस्टिक्स जमेल की नाही यावर तिथे कुणी एक मिनिटही विचार केलेला नाही, करायला तशी माहितीच हातात नसते.

शिवाय रेघेच्या वरची सगळी मुलं खरोखर येणार नसतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं एकाच मुलानं चार कॉलेजांत नाव घातलेलं असतं. बीएस्सीच्या यादीत वरच्या टक्केवारीला बसलेली कितीतरी मुलं इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी नाहीतर कृषीच्या यादीकडे डोळे लावून असतात. तिकडे जागा मिळाली की इकडची सुटते. म्हणून वेटिंग दिवसांच्या हिशेबानं पुढे सरकत नाही, ती दुसऱ्या याद्यांच्या हिशेबानं सरकते. पंधरा दिवस काहीच हलत नाही आणि मग दोन दिवसांत दहा नंबर पुढे जातात. २०२५ साली राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, चार फेऱ्या झाल्या, आणि पहिलं जागावाटप जुलैअखेरीस आलं. तोवर बहुतेक ठिकाणी बीएस्सीचे वर्ग सुरू झालेले होते. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागत होतं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना हाच नियम होता. त्यामुळे बीएस्सीच्या जागा सुटायच्या त्या मुख्यतः या दोन फेऱ्यांनंतर. मेडिकलच्या फेऱ्या त्याहून पुढे जातात, फार्मसीच्या तर पुष्कळदा आणखी उशिरा. पण तेव्हा सुटलेल्या जागेवर जाण्यात अर्थ किती, ते खाली लिहिते.

तर १४ म्हणजे चांगला नंबर की वाईट? हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि तुमच्या प्रश्नात त्यांतली एकही नाही. पहिली, हा १४ एकूण यादीतला की प्रवर्गाच्या यादीतला. ६० जागांच्या तुकडीत ओबीसीच्या १९ टक्क्यांच्या हिशेबानं ११ जागा होतात. त्या ११ जागांसाठी वेटिंग १४ पर्यंत यायची म्हणजे आधी नावं लागलेली सगळी मुलं आणि त्यांच्या मागची काही, एवढ्यांनी जागा सोडायला हव्यात. तोच १४ खुल्या यादीत असेल आणि तुकडी मोठी असेल तर आशा बरीच आहे. दुसरी, त्या कॉलेजात इनहाउस (त्याच संस्थेतल्या मुलांसाठीचा) किंवा अल्पसंख्याक कोटा आहे का आणि तो भरतो का. न भरलेल्या राखीव जागा शेवटच्या फेरीत नियमाप्रमाणे इतरांकडे वळतात, आणि कधीकधी यादी त्यामुळेच एकदम खाली येते. तिसरी आणि सगळ्यांत उपयोगी: गेल्या वर्षी याच विषयाची, याच प्रवर्गाची वेटिंग कुठल्या नंबरापर्यंत उतरली होती? हे वेबसाइटवर सहसा नसतं, पण कार्यालयात असतं. दुपारी तीननंतर, गर्दी ओसरल्यावर फोन करा. 'आमचा नंबर लागेल का' असं विचारलंत तर 'सांगता येत नाही' असंच उत्तर येईल, आणि ते बरोबरच आहे. 'गेल्या वर्षी स्टॅटची वेटिंग कितीवर थांबली' असं विचारलंत तर प्रवेशाचं काम बघणारे क्लार्क बहुतेक वेळा सरळ आकडा सांगतात. ५२ बद्दल मात्र मी आशा धरणार नाही. यादीत नाव राहू द्या, पण त्यावर कुठलाही बेत आखू नका.

नंबर पुढे सरकवण्यासाठी काय करता येईल, असंही तुम्ही विचारलंय. गुणवत्ता यादीच्या प्रवेशात काहीही नाही. पत्र, शिफारस, कुणाचा तरी फोन यांनी यादी हलत नाही, आणि कुणी हलवून देतो म्हणाला तर तिथून उठा. जुलै महिन्यात आपल्याकडे असे 'काम करून देणारे' बरेच फिरतात. प्रवेशासाठी ठरलेल्या फीपेक्षा जास्त रक्कम घेणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पैसे भरायचे ते कॉलेजच्या खात्यातच आणि पावती घेऊनच. तुमच्या हातात आहे ते एवढंच: फॉर्ममधला मोबाइल आणि ईमेल चालू ठेवा, रोज संध्याकाळी कॉलेजचं नोटीस पान बघा, आणि दर फेरीला 'इच्छुक आहे' असं पुन्हा नोंदवावं लागतं का ते विचारून घ्या. काही कॉलेजांत ते नोंदवलं नाही तर नाव आपोआप गळतं. चांगल्या नंबरावरची मुलं अशी बाहेर गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्याची हळहळ नंबर न लागण्यापेक्षा जास्त असते.

खाजगी विद्यापीठाचे पंचवीस हजार भरू नका. कोल्हापूरची जागा पक्की असताना ही तिसरी जागा कशासाठी धरायची? मुलीला तिथे खरंच जायचं असेल तर गोष्ट निराळी. मग आधी लेखी विचारा की ही रक्कम शिक्षण शुल्कात धरणार का, आणि पावतीवर काय लिहिणार. परताव्याचे नियम खाजगी विद्यापीठांनाही लागू आहेत, आणि तक्रारीसाठी आयोगाचं ई-समाधान पोर्टल आहे. पण 'नोंदणी शुल्क' किंवा 'बुकिंग' अशा नावाखाली घेतलेल्या पैशांसाठी पालकांना पुढे बरंच झगडावं लागतं.

आता दुसरा प्रश्न: पुण्याची जागा खरंच हवी आहे का? नाव वेटिंगवर गेलं की ते कॉलेज मनात मोठं होत जातं. फॉर्म भरताना जे पाच पर्यायांतला एक होतं, ते आता जणू एकमेव होऊन बसतं. म्हणून दोन्ही कॉलेजांची तुलना कागदावर करा, आणि शहरांची नको, स्टॅटिस्टिक्स विभागांची करा. सगळ्यांत आधी विचारा की स्टॅटिस्टिक्स शेवटच्या वर्षापर्यंत मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून आहे का. काही कॉलेजांत हा विषय फक्त मायनर, म्हणजे दुय्यम, असतो, आणि मुलांना हे दुसऱ्या वर्षी कळतं. मग विचारा की विभागात कायमस्वरूपी शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती. प्रॅक्टिकल अजून कॅल्क्युलेटरवरच चालतं की मुलं आर आणि पायथन या संगणकाच्या भाषा खरोखर वापरतात? गेल्या दोन-तीन वर्षांतली मुलं एमएस्सीला कुठे गेली? कोल्हापूरच्या विभागात हे सगळं तुम्ही उद्या फी भरायला जाल तेव्हाच, तासाभरात, समोरासमोर विचारू शकता. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीशी तुमच्या मुलीला दहा मिनिटं बोलू द्या. त्या गप्पांतून जे कळतं ते माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

या विषयापुरतं एक आवर्जून सांगते. स्टॅटिस्टिक्समध्ये खरी चाळणी बीएस्सीनंतर लागते. एमएस्सीच्या प्रवेशासाठी आयआयटी घेतात त्या जॅम परीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा स्वतंत्र पेपर आहे, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची एमस्टॅट या पदव्युत्तर पदवीसाठी प्रवेश परीक्षा आहे, आणि विमा-गणिताकडे वळायचं असेल तर अ‍ॅक्च्युअरीची एसीईटी परीक्षा बारावीनंतर कधीही देता येते. यांत बीएस्सी कुठल्या कॉलेजातून केलं याला गुण नसतात. शिवाजी विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आपल्याच गावात आहे आणि या विषयात त्याला चांगलं नाव आहे. तिथली व्याख्यानं, ग्रंथालय, सीनिअर मुलं हे सगळं इथून एका केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, अंतरावर आहे. पुण्याची बाजूही खरी आहे, ती मी लपवणार नाही. तिथे मोठा मित्रवर्ग मिळतो, इंटर्नशिप जास्त, इंग्रजीत बोलायची सवय लवकर होते, आणि घरापासून लांब राहून काही मुली फार छान उमलतात. पण कॉट बेसिसवर राहणं, मेस आणि येणं-जाणं धरून महिन्याला दहा-पंधरा हजार सहज जातात. तीन वर्षांचा हा खर्च पेलतो का, आणि त्यातले काही पैसे लॅपटॉप, पुस्तकं आणि प्रवेश परीक्षेच्या तयारीला वापरले तर जास्त फायदा होईल का, हे मिस्टरांशी मोकळेपणानं बोला. आणि ते मुलीच्या समोर बोला. तिला आकडे कळू द्या.

वर्षभर थांबायचं का? एखादी परीक्षा पुन्हा देऊन मार्क वाढणार असतील तर गॅपला अर्थ असतो. नीट थोडक्यात हुकली, सीईटीच्या दिवशी मूल आजारी होतं, अशा वेळी मी स्वतः पालकांना थांबा म्हणून सांगितलंय. तुमच्या मुलीचा प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर आहे. पुढच्या वर्षी तेच टक्के घेऊन ती नव्या मुलांच्या रांगेत उभी राहील, वर गॅपचं प्रतिज्ञापत्र. मिस्टरांच्या मनात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची पदवीची परीक्षा असेल, तर तीही कोल्हापुरात पहिलं वर्ष करता करता देता येते, आणि तयारी उलट चांगली होते, कारण विषय रोज हाताखाली असतो.

आतापर्यंतचं थोडक्यात: कोल्हापूरची फी भरायची, पंचवीस हजार भरायचे नाहीत, गॅप घ्यायची नाही, ५२ विसरायचा, आणि १४ ची वाट बघायची. आता कुठवर?

यासाठी मी पालकांना एक तारीख लिहून ठेवायला सांगते, आणि ती तारीख आत्ता, फोन यायच्या आधी ठरवायची. तुमच्यासाठी मी कॅपच्या दुसऱ्या फेरीच्या प्रवेशांनंतरचा आठवडा धरेन. सुटणाऱ्या जागांपैकी मोठा वाटा तोवर सुटलेला असतो. त्यानंतर बोलावणं आलं तर नाही म्हणायचं. कारण तोवर पहिल्या सत्राचे कितीतरी तास झालेले असतात, आणि संभाव्यतेची सुरुवातच बुडाली की पुढचं सगळं जड जातं. पुण्यातली वसतिगृहं भरलेली असतात, अंतर्गत परीक्षा तोंडावर असते, आणि इकडे कोल्हापुरात जमलेल्या मैत्रिणी सोडून मुलगी पुन्हा एकटी नव्यानं सुरुवात करते. सप्टेंबरमध्ये उशिरा गेलेली मुलं पहिल्या सत्रात चाचपडताना मी पाहिली आहेत. ती हुशार नव्हती असं नाही, फक्त वर्ग पुढे निघून गेला होता. मात्र तोपर्यंत मुलीनं कोल्हापूरच्या कॉलेजात पाहुणी म्हणून बसायचं नाही. वह्या घ्यायच्या, प्रॅक्टिकलची बॅच घ्यायची, सगळे तास करायचे. 'कशाला, आपण तर जाणार' म्हणून पहिले तीन आठवडे वाया घालवले आणि मग नंबर लागलाच नाही, असं झालं तर तिचं नुकसान दुप्पट होईल.

कागदपत्रांचं बघा, कारण बोलावणं आलं की हाताशी एकच दिवस असतो. 'उद्या दुपारी बारापर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर राहा' असा मेसेज संध्याकाळी येतो, आणि पुणे इथून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणजे पहाटेची एसटी. मूळ कागदपत्रं पडताळून लगेच परत द्यावीत असा आयोगाचा नियम आहे, पण एलसी (शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला) मात्र आपल्याकडे बहुतेक कॉलेजं जमा करून घेतात. म्हणून फी भरतानाच कार्यालयात विचारा की प्रवेश रद्द केला तर एलसी किती दिवसांत मिळते आणि अर्ज कुणाकडे द्यायचा. जमा करण्यापूर्वी एलसीच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढा. मूळ एलसी दोन दिवसांनी देतो असं हमीपत्र पुण्याचं कॉलेज घेतं का, तेही आधीच विचारा. पुष्कळ कॉलेजं घेतात. प्रवर्गातून प्रवेश असेल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअरची मुदत तपासा, ती ३१ मार्चला संपते. विद्यापीठाकडे तिचा पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) तयार झाल्यावर हलायचं झालं तर स्थलांतर प्रमाणपत्राचंही काम वाढतं, हेही लवकरची तारीख धरण्याचं एक कारण आहे.

शेवटी मुलीविषयी, तुम्ही प्रश्नात एकाच ओळीत लिहिलंय तरी. तिला समजवायला जाऊ नका, निदान पहिले दोन-तीन दिवस. 'जे होतं ते चांगल्यासाठी' हे वाक्य या वयाच्या मुलांना फार टोचतं. तिला हवं होतं ते मिळालं नाही, आणि तिला वाईट वाटणं बरोबर आहे. तुम्हाला करता येण्यासारखं म्हणजे नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या. 'कुठे लागला नंबर?' या प्रश्नाला घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं: 'कोल्हापुरात स्टॅटिस्टिक्सला प्रवेश घेतलाय.' वेटिंगचा विषय घराबाहेर काढायचाच नाही, म्हणजे रोज कुणीतरी तिला तो नंबर विचारणार नाही. नोटीस पान बघायचं काम तुम्ही किंवा मिस्टरांनी करा, तिनं दर तासाला मोबाइल उघडून बघण्याची गरज नाही. इथली जागा तिला उरलंसुरलं वाटत असेल, तर तिच्या वर्गात गडहिंग्लज, चंदगड, शाहूवाडीहून खोली घेऊन राहणाऱ्या मुली भेटतीलच, कोल्हापूरला शिकायला येणं हे ज्यांच्या घरी मोठं पाऊल असतं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं तेही बाहेरगावची मुलं इथे येऊन शिकावीत म्हणूनच. हे मात्र तुम्ही सांगू नका, तिचं तिला दिसू दे. आणि आठवडा होऊनही ती जेवत नसेल, झोपत नसेल, 'माझ्यानं काहीच होणार नाही' असं पुन्हापुन्हा म्हणत असेल, तर तो रुसवा समजू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत लागतो, मराठीत बोलता येतं, आणि आईवडीलही करू शकतात.

उद्या फी भरून झाली की पुण्याच्या पहिल्या कॉलेजात फोन करा. १४ हा प्रवर्गातला की एकूण, आणि गेल्या वर्षी वेटिंग कितीवर थांबली, या दोनच गोष्टी विचारून मला इथेच कळवा. त्यावरून वाट बघण्याची तारीख अलीकडे घ्यायची की तीच ठेवायची ते नीट सांगता येईल.